डॉ. लास्कर : एक निंदा आणि एक फुशारकी

बुद्धिबळाचे जगज्जेतेपद ज्यांनी सर्वांत जास्त काळ सांभाळले त्यांचे नाव डॉ. इमॅन्युएल लास्कर. १८९४ ते १९२१, म्हणजे सलग सत्तावीस वर्षे. त्यांच्या आधी किंवा नंतर हा मान इतका काळ कोणाकडेही टिकलेला नाही. लास्कर यहुदी होते, त्यांचे वडील हजान होते, त्यामुळे आपल्या घरांतून आणि समारंभांतून त्यांचे नाव अधूनमधून निघते. पण ते निघाले की बहुधा दोनच गोष्टी कानी पडतात. एक म्हणजे शत्रूंनी केलेली निंदा. लास्करचा खेळ हा म्हणे ‘यहुदी खेळ’ होता, भित्रा, लोभी आणि संधिसाधू. दुसरी म्हणजे आपणच मारलेली फुशारकी. ‘अहो, यहुदी डोके ते! जिंकणारच!’

वाचकहो, आमचे स्पष्ट म्हणणे असे आहे की ही दोन्ही वाक्ये एकाच माळेचे मणी आहेत. निंदा करणारा म्हणतो, रक्त वाईट म्हणून खेळ वाईट. फुशारकी मारणारा म्हणतो, रक्त चांगले म्हणून खेळ चांगला. पटावर काय घडले हे दोघांपैकी एकानेही पाहिलेले नसते. निंदकांची तोंडे बंद करणे आपल्या हाती नाही. आपली फुशारकी बंद करणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, म्हणून आम्ही आज तिच्याविषयी जरा कडकच लिहिणार आहोत.

प्रथम निंदेचा समाचार घेऊ. मार्च १९४१ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, तेथील एका जर्मन वृत्तपत्रात ‘यहुदी आणि आर्य बुद्धिबळ’ या विषयावर एक लेखमाला छापून आली. लेखक म्हणून नाव होते त्यावेळचा जगज्जेता अलेक्झांडर आलेखिन याचे. लेखमालेचा सारांश असा : आर्य माणूस हल्ला करतो, यहुदी माणूस बचाव करतो, आर्याला सौंदर्य हवे असते, यहुद्याला फक्त मोहरी गिळायची असतात. लास्कर हे या यहुदी वृत्तीचे मोठे उदाहरण म्हणून पुढे केले होते. लास्कर त्यावेळी उत्तर देऊ शकत नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी, ११ जानेवारी १९४१ रोजी, न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात त्यांचा अंत झाला होता. युद्ध संपल्यावर आलेखिनने हे लेखन आपले नव्हे असे सांगितले. तो वाद जाणकारांनी खुशाल चालवावा. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच की त्या लेखांतली गोष्ट खरी होती का?

उत्तर पटावर मांडून दाखविता येते. १८८९ साली आम्स्टरडॅमला वीस वर्षांच्या लास्करांनी बावर नावाच्या खेळाडूविरुद्ध आपले दोन्ही उंट एकामागून एक बळी दिले. कशासाठी? तर प्रतिस्पर्ध्याच्या राजापुढची दोन प्यादी फोडून त्याला उघडा पाडण्यासाठी. दोन उंटांचा हा बळी आजही मुलांना धडा म्हणून शिकवितात. पुढे १८९५-९६ च्या सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत पिल्सबरी या तेजस्वी अमेरिकन खेळाडूविरुद्ध काळी मोहरी घेऊन खेळताना लास्करांनी आपला हत्ती थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला आणि डाव जिंकला. मोहरी गिळण्याचा लोभ तो हाच काय? आता गंमत पाहा. १९०४ साली अमेरिकेत केंब्रिज स्प्रिंग्ज येथे पिल्सबरीने तीच सुरुवात पुन्हा खेळली, सातवी खेळी बदलली आणि लास्करांना हरविले. म्हणजे पहिल्या वेळी धडाक्याचा हल्ला केला तो यहुदी, आणि मागची चूक शोधून सुधारणा करून आला तो ख्रिस्ती. त्या लेखमालेच्या हिशेबात हे कोठे बसते?

हा हिशेब अधिक पक्का करू. लास्करांच्या काळातील दुसरे यहुदी खेळाडू घ्या. ब्रेस्लाऊत यहुदी कुटुंबात जन्मलेले डॉ. तराश हे नियमांचे मास्तर. अमुक ठिकाणी घोडा म्हणजे चूक, तमुक ठिकाणी हत्ती म्हणजे बरोबर, असे सांगणारे. यानोव्स्की हे हल्ल्यासाठी वेडे. बरोबरी होत असलेला डाव जिंकायला जाऊन हरतील पण गप्प बसणार नाहीत. रूबिनस्टाइन हे शांत. शेवटच्या टप्प्यात चार मोहरी उरली की त्यांचे खरे काम सुरू होई. आणि व्हिएन्नाचे रूडॉल्फ श्पीलमान! आयुष्यभर धाडसी सुरुवाती खेळले आणि १९३५ साली मोहऱ्यांचा बळी कसा द्यावा याच विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले. बळी देण्यावर ग्रंथ लिहिणारा माणूस यहुदी, आणि म्हणे यहुदी फक्त गिळतो! या चौघांचे खेळ चार दिशांना तोंडे करून उभे आहेत. त्यांच्यात समान होते ते पट आणि बत्तीस मोहरी, दुसरे काही नाही. ‘यहुदी खेळ’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही.

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. पुढचे कदाचित कडू लागेल.

‘यहुदी खेळ’ असे काही नसेल, तर ‘यहुदी डोके’ असेही काही नाही. एक नाकारायचे आणि दुसरे खिशात घालायचे, हा व्यवहार आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. शत्रूच्या तोंडून आला तर खोटा आणि आपल्या तोंडून आला तर खरा, असा सिद्धान्त नसतो.

यावर आम्हांला हटकून विचारले जाते : ‘मग त्या काळच्या थोर खेळाडूंत इतके यहुदी कसे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. मध्य आणि पूर्व युरोपातील यहुदी बव्हंशी शहरांत आणि बाजारगावांत राहत. अनेक ठिकाणी जमीन, सरकारी नोकरी, सैन्यातील अधिकारपद यांची दारे त्यांना बंद किंवा अर्धवट उघडी होती. बुद्धिबळाला जमीन लागत नाही, परवाना लागत नाही, भांडवल लागत नाही. बर्लिन, व्हिएन्ना, वॉर्सा येथील कॉफीगृहांत पट मांडलेले असत आणि तेथे समोरच्याचे नाव विचारण्याआधी खेळी विचारीत. त्यातच घरी वाचनाची, पाठांतराची, वादविवादाची सवय. कारणे ही आहेत. ती परिस्थितीतून आलेली आहेत, रक्तातून नव्हेत.

पुरावा हवा असेल तर आपल्या जुन्या देशाकडे पाहा. १९८८ सालापर्यंत भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता. त्या वर्षी विश्वनाथन आनंद पहिला झाला. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि स्त्रियांच्या दोन्ही विभागांत सुवर्णपदक मिळविले. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नईचा गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि २०२५ साली दिव्याने स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. छत्तीस वर्षांत भारतीयांचे रक्त बदलले काय? बदलल्या त्या शिकवण्या, स्पर्धा, पुस्तके, संगणक, आणि मुलांना गावोगाव घेऊन हिंडणारे आईबाप. बर्लिनच्या कॉफीगृहाने त्या काळी जे काम केले तेच काम चेन्नईच्या शिकवणीवर्गाने आज केले.

फुशारकीत नुकसान काय, थोडा अभिमान बाळगला तर बिघडले कोठे, असेही कोणी म्हणतील. नुकसान आहे, आणि ते दुहेरी आहे. पहिले नुकसान खुद्द लास्करांचे होते, कारण त्यांची मेहनत त्यांच्याकडून काढून घेतली जाते. बर्लिंखेन या लहानशा गावातला हा मुलगा. थोरला भाऊ बर्टोल्ड बर्लिनला वैद्यक शिकत होता, त्याच्याकडे याला शाळेसाठी पाठविले. खेळ शिकविला तो भावाने. पैशाची चणचण होती म्हणून पोरगा कॉफीगृहांत लहानसहान पैजा लावून खेळे आणि खर्चाला हातभार लावी. तेथून पुढे जगज्जेतेपद मिळाल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. गणिताचा अभ्यास पुरा करून एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि १९०५ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा सिद्धान्त एमी नोएथर यांनी पुढे विस्तारला. दोघांची नावे जोडून तो आजही शिकविला जातो. ही सगळी वर्षे ‘यहुदी डोके’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकणे म्हणजे माणसाचा गौरव नव्हे, त्याच्या कष्टांची चोरी होय.

१९१४ चे सेंट पीटर्सबर्ग आठवा. लास्कर पंचेचाळीस वर्षांचे, समोर पंचवीस वर्षांचा क्यूबाचा कापाब्लांका. प्राथमिक फेरी संपली तेव्हा कापाब्लांका दीड गुणाने पुढे होता आणि अंतिम फेरीत पाचच खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव. दोघे समोरासमोर बसले तेव्हा लास्करांना विजयच हवा होता, आणि त्यांनी निवडली ती स्पॅनिश सुरुवातीतली उंट देऊन घोडा घेण्याची साधी वाट, जिथे वजीर लवकर पटावरून जातात आणि लोक बरोबरीची अपेक्षा करतात. बाराव्या खेळीला त्यांनी राजाच्या उंटापुढचे प्यादे पाचव्या घरापर्यंत रेटले. पुस्तकी नियमाप्रमाणे ही खेळी सदोष, कारण शेजारचे प्यादे मागे दुबळे राहते. पण त्यामुळे शत्रूच्या छावणीत एक घर मोकळे झाले, त्या घरात लास्करांचा घोडा जाऊन बसला आणि काळ्याच्या हत्तींना हालचालीला जागा उरली नाही. पुढे पस्तिसाव्या खेळीला तेच दुबळे प्यादे त्यांनी बळी दिले आणि दुसऱ्या घोड्याला वाट करून दिली. बेचाळिसाव्या खेळीला कापाब्लांकाने शरणागती दिली. दुसऱ्या दिवशी तराशनेही त्याला हरविले. शेवटी लास्कर साडेतेरा, कापाब्लांका तेरा. अंतिम फेरीच्या आठ डावांत लास्करांनी सहा जिंकले, दोन बरोबरीत सोडविले, एकही हरले नाहीत. हे रक्ताने होत नाही. समोरच्याला काय आवडत नाही याचा अभ्यास, आणि निकड असताना शांत राहण्याचा सराव, याने होते.

आणि बचावाचे म्हणाल तर आम्हांला त्याची लाज का वाटावी? १९१० साली श्लेख्टरविरुद्धचा सामना फक्त दहा डावांचा होता. पाचवा डाव लास्कर हरले, बाकीचे बरोबरीत सुटत गेले, आणि पद हातचे जाण्याची वेळ आली. दहाव्या डावात अवघड जागेतून चिवटपणे मार्ग काढून त्यांनी तो जिंकला, सामना पाच-पाच असा सुटला आणि पद राहिले. ज्याला वाईट जागेतही खेळता येते तो भित्रा नव्हे. आपल्यापैकी ज्यांनी एक घर सोडून दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, रिकाम्या हातांनी संसार मांडला त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे नुकसान आपल्या मुलांचे होते. ‘आपल्या रक्तातच आहे’ असे ऐकून वाढलेला मुलगा जिंकला तर म्हणतो, मला शिकण्याची गरज नाही. हरला तर म्हणतो, माझ्यातच काही खोट आहे. दोन्ही मुले शिकायची थांबतात. हरलेल्या डावाकडे परत जाऊन चूक शोधण्याची ताकद त्यालाच येते ज्याला ठाऊक असते की चूक खेळीत होती, आपल्या जन्मात नव्हती.

आता निंदेचा आणखी एक तुकडा राहिला, पैशाचा. लास्कर मानधन फार मागत, अटी फार घालीत, असे तेव्हापासून म्हटले जाते आणि आपल्यातलेही काही जण हे खालच्या आवाजात बोलतात, जणू शत्रूला येथे काही खरे सापडले. यातील खरे ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. १८९७ नंतर दहा वर्षे जगज्जेतेपदाचा एकही सामना झाला नाही. १९११ साली कापाब्लांकाला घातलेल्या अटींत अशीही एक होती की थोड्या डावांच्या निकालात एका डावाच्या आघाडीने सामना जिंकला असे मानू नये. ही अट उघडउघड पदधारकाच्या सोयीची होती. रूबिनस्टाइनने १९०९ साली सेंट पीटर्सबर्गला लास्करांचा डाव जिंकून त्यांच्याबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. १९१२ या एका वर्षात त्याला पाच स्पर्धांत पहिला किंवा विभागून पहिला मान मिळाला. तरी त्याच्या वाट्याला जगज्जेतेपदाचा सामना आला नाही. सामना ठरत होता तोवर १९१४ चे युद्ध आले. ही खंत राहणारच, आणि तिचा काही भार लास्करांवरही आहे.

पण पैसे मागणे हा दोष? लास्करांनी ज्यांना हरवून पद घेतले ते श्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये कंगाल अवस्थेत वारले. श्लेख्टर कोणाकडे काही न मागणारा सज्जन माणूस. युद्धाच्या अखेरच्या उपासमारीच्या दिवसांत, डिसेंबर १९१८ मध्ये, बुडापेस्टला त्याचा अंत झाला. हे पाहणाऱ्या माणसाने आपल्या कामाचा मोबदला आधी ठरवून मागितला तर तो लोभी नव्हे, शहाणा होय. शिवाय हाच माणूस आपली शिल्लक जर्मनीच्या युद्धकर्जात घालून बुडाला, कारण तो देश त्याला आपला वाटत होता. लोभ्याचे हे लक्षण नव्हे. गायकाने, मास्तराने, खेळाडूने मोबदला मागितला की नाक मुरडायचे ही खोड आपल्या समाजातही आहे. ती जावी एवढेच आम्ही सुचवितो.

त्या देशाने काय परतफेड केली हे सर्वांना ठाऊक आहे. १९२१ साली हवानामध्ये पद कापाब्लांकाकडे गेले. लास्करांना एकही डाव जिंकता आला नाही. पण १९२४ साली न्यूयॉर्कला पंचावन्नाव्या वर्षी ते कापाब्लांका आणि आलेखिन या दोघांच्याही पुढे पहिले आले, वीस डावांत सोळा गुण. १९३३ साली हिटलरच्या राजवटीत त्यांना पत्नी मार्थासह जर्मनी सोडावी लागली. घर, मालमत्ता जप्त झाली. पोटासाठी पुन्हा पटावर बसावे लागले. १९३५ साली मॉस्कोत, सहासष्टाव्या वर्षी, एकही डाव न हरता ते तिसरे आले. कापाब्लांका त्यांच्या मागे चौथा. भाऊ बर्टोल्डची पूर्वीची पत्नी, प्रसिद्ध कवयित्री एल्से लास्कर-श्यूलर, परागंदा होऊन जेरुसलेमला आली आणि १९४५ साली तेथेच वारली. श्पीलमान १९४२ साली स्टॉकहोममध्ये निर्वासित म्हणून मेला. १९३० च्या हॅम्बुर्ग ऑलिंपियाडमध्ये रूबिनस्टाइनबरोबर पोलंडला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या प्शेपिउर्काला १९४० साली नाझींनी ठार मारले. रक्तावरून माणसाची किंमत ठरविण्याचे गणित शेवटी येथे येऊन पोचते. पहिल्या ओळीत ते कौतुकाचे असले तरी गणित तेच असते.

आणि आपण बेने इस्राएलांनी तर हे विसरूच नये. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या लोकांना लग्नाच्या नोंदणीसाठी आजी-पणजीपर्यंतची वंशावळ विचारली गेली. त्याविरुद्ध आपले लोक रस्त्यावर बसले, आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केले. तेव्हा आपली मागणी काय होती? आम्हांला आमच्या आचरणावरून आणि कामावरून ओळखा, पणजीच्या कागदावरून नव्हे. जी मागणी आपण स्वतःसाठी केली तीच लास्करांसाठी केली पाहिजे. नाहीतर वंशावळ विचारणाऱ्यांवर रागावण्याचा आपला हक्क राहत नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. लास्करांचा अभिमान जरूर बाळगा, पण त्यांच्या डावांचा बाळगा. ते डाव छापलेले आहेत, कोणालाही मिळतात. १९१४ चा कापाब्लांकाविरुद्धचा डाव घरी पटावर मांडा, मुलांना बाराव्या खेळीपाशी थांबवा आणि विचारा, तू असतास तर काय खेळला असतास? आणि मुलगा शाळेतल्या स्पर्धेत हरून घरी आला तर त्याला आपल्या थोर डोक्यांची यादी ऐकवू नका. कोणती खेळी चुकली ते विचारा आणि त्याच्या समोर बसा.